लाल पट्टा आणि डिंकाचे लाडू

आनंदराज गजभारे सरांनी एखादी गोष्ट करायची ठरवली, की ती आधी अख्ख्या देगलूर तालुक्याला कळायची आणि मग व्हायची. कधी कधी नुसती कळायची! पण ह्या वेळी सर छातीवर हात ठेवून म्हणाले, "पंचाक्षरी गुरुजी, लिहून ठेवा! एका महिन्यात माझ्या वर्गातलं एकूण एक लेकरू हिरव्या पट्ट्यात! एक जरी लाल राहिलं, तर नावाचा आनंदराज नाही!"

पंचाक्षरी गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. त्यामुळे सर सोडून उरलेला सगळा स्टाफ म्हणजे गुरुजीच. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं, आता त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं. सुपारी कातरत ते म्हणाले, "मग नवीन नाव काय ठेवायचं, तेही आत्ताच लिहून ठेवू का?"

सरांनी ते कानाआड केलं. कारण सरांच्या डोळ्यापुढं तक्ता होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद! विस्तार अधिकारी साहेब महिनाभरात सगळ्या शाळांना भेट देणार होते, आणि ज्या शाळेचा वाचन प्रगतीचा तक्ता सगळ्यात भारी, ती शाळा नांदेडच्या प्रदर्शनात जाणार होती. स्टेजवर उभं राहून, हातात माइक घेऊन, तक्ता समजावून सांगायचा! उमरीहून आईला बोलावून पहिल्या रांगेत बसवायचं, इथपर्यंत सरांचं ठरलं होतं. भामाबाईंनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपून लेकाला डीएड केलं होतं. त्या खुर्चीवर त्यांचा हक्कच होता.

रविवारी दिवसभर सर आणि त्यांची बायको धम्मप्रिया कात्री घेऊन बसले. खाली लाल पट्टा, मधे पिवळा, वर हिरवा. ज्याला नुसती अक्षरं ओळखू येतात तो लाल. शब्द, छोटी वाक्यं वाचली की पिवळा. गोष्ट सरळ वाचली की हिरवा. तिसरी-चौथी मिळून बावीस पोरं, बावीस पासपोर्ट फोटो. दर शनिवारी चाचणी घ्यायची आणि फोटो वर सरकवायचे.

"आपल्या लग्नाच्या फोटोचं एवढं कौतुक नाही केलंत तुम्ही," धम्मप्रिया म्हणाली.

"लग्नाचा फोटो नांदेडला जाणार आहे का?" सर म्हणाले, आणि दुपारचा चहा त्यांना स्वतःच करून घ्यावा लागला.

सोमवारी तक्ता शाळेच्या व्हरांड्यात, बाहेरच्या भिंतीवर चढला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे ना! वर मथळा एकच, 'आमची प्रगती'. बाकी एक अक्षर नाही.

"लाल म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, ते तरी लिहा की सर," गुरुजी म्हणाले.

"गरजच नाही गुरुजी! सिग्नलवरून घेतलेत रंग. जगाला कळतात!"

"आपल्या गावात सिग्नल कुठंय?"

"म्हणून काय झालं? रंग बोलतात गुरुजी, रंग!"

गुरुजींनी पटांगणापलीकडच्या अंगणवाडीकडं एकदा पाहिलं, काहीतरी बोलावंसं त्यांना वाटलं, मग सव्वाच वर्ष राहिलंय हे आठवून ते गप्प बसले. सरांना वाटलं, म्हातारं जळतंय.

आता जगाला काय कळतं ते सोडा. गावाला काय कळतं ते ऐका. ह्या गावानं सिग्नल पाहिला नसेल, पण लाल, पिवळा, हिरवा हे तीन रंग गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनासुद्धा तोंडपाठ! अंगणवाडीत लेकराचं वजन करतात, ते कागदावर मांडतात. हिरव्यात असलं की ठणठणीत, पिवळ्यात आलं की जरा कमी, आणि लाल पट्ट्यात गेलं की कुपोषित! मग सेविकाबाई घरी येणार, सुनेला चार गोष्टी ऐकवणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत बोभाटा होणार. आणि सरांनी तेच तीन रंग, त्याच पटांगणात, फोटोसकट टांगले!

मंगळवारी साडेदहाला तारामती आज्जी आल्या.

तारामती आज्जींच्या घरी बक्कळ शेती, दुभत्या तीन म्हशी आणि आवाज असा, की त्यांनी शेतातून हाक मारली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. मागं त्यांचा मुलगा हणमंतराव. त्याच्या डोक्यावर सोयाबीनची पोती मोजायचा काटा. काट्यामागं लपतछपत नातू शिवम, इयत्ता तिसरी. गाल असे की पासपोर्ट फोटोत एकच पूर्ण मावलेला.

"सर! काय करून राहिलाव हे?"

"काय झालं आज्जी?"

"काय झालं? आमचं लेकरू लाल पट्ट्यात टांगलाव अन् वर काय झालं म्हून इचारायलाव? घरी तीन म्हशी! बरण्या भरून तूप! अन् आमचा शिवम कुपोषित? लई बेइज्जती केलाव सर! हणमंत, ठेव काटा!"

हणमंतरावांनी मान खाली घालून काटा ठेवला. शिवम चढला.

"वाचा! मोठ्यानं वाचा!"

"एकतीस किलो चारशे," सर वाचून गेले.

"आता तुमचं ते हिरव्यातलं आणा! सगळ्यात वरलं!"

सगळ्यात वर अक्षरा नावाच्या पोरीचा फोटो होता. वर्गातली पहिली, अंगानं तुरकाठी. ती दप्तर घेऊनच काट्यावर चढली.

"अठरा किलो," सर म्हणाले. "दप्तरासकट."

"हे हिरव्यात अन् हे लाल?" आज्जी जमलेल्या बायांकडं वळल्या. "कुठला हिसाब म्हणावा ह्यो!"

सरांना हसूच फुटलं. "अहो आज्जी, हा वजनाचा तक्ता नाहीच! हा तर—"

तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचा शर्ट ओढला. शिवम होता. पोराचे डोळे काठोकाठ भरले होते. "सर," तो कुजबुजला, "जरा आत या ना."

सर त्याला घेऊन वर्गात गेले.

"मीच सांगितलं आज्जीला," शिवम म्हणाला. "लाल म्हंजे अशक्त म्हणून."

"का रे बाबा?"

"वाचता येत न्हाई असं कसं सांगू? मी तिला रोज पेपर वाचून दाखवतो."

"तू? पेपर?" सर बाकावरच बसले. "शिवम, काल तुला 'मगर' वाचायला दिलं, तर अर्ध्या तासानं तू 'घर' म्हणालास!"

"फोटो बघून सांगतो सर. हार घातलेला मानूस असला की साहेब येऊन गेले म्हणतो. ढग असले की पाऊस पडनार म्हणतो."

"आणि फोटोच नसला तर?"

"सोयाबीनचा भाव वाढला म्हणतो. आज्जी लई खूश होती."

हसावं की रडावं, सरांना कळेना. बाहेर आज्जी बायांना सांगत होत्या, "पेपर वाचतंय माझं लेकरू! आमच्या अख्ख्या घराण्यात एवढ्या वयात कुनी वाचला न्हाई! ते काय अशक्त असतंय का?" आज्जींना स्वतःला अक्षर येत नव्हतं. सरांच्या आईलाही येत नव्हतं. पण 'माझा लेक वाचतो' ह्या एका वाक्यावर भामाबाईंनी उमरीत जन्मभर मान ताठ ठेवली होती. ती मान सरांना एकदम आठवली.

"ऐक," सर म्हणाले. "आज्जीला मी सांगणार नाही. पण साहेब यायच्या आत तुला खरंखरं वाचायला आलं पाहिजे. रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसायचं. कबूल?"

शिवमनं नाक पुसत मान डोलावली. सर बाहेर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "आज्जी, वजन झकास आहे. पण आतून जरा कमी पडतोय."

"आतून?"

"आतून."

आज्जींचा आवाज पहिल्यांदा खाली आला. आतून म्हटल्यावर काट्याचं काही चालत नाही. "मग पहिलंच सांगायचं की सर," त्या म्हणाल्या. "आतलं मी बघते."

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला आज्जी टोपली घेऊन हजर! डिंकाचे लाडू, वर खारीक-खोबरं, आणि तूप असं की कागदातून पाझरून बोटावर यायचं. एकट्या नातवाला खाऊ घालणं बरं दिसत नाही म्हणून लाल पट्ट्यातल्या पाचही पोरांना एकेक. उरलेली सतरा पोरं व्हरांड्यात उभी राहून बघत होती. लाडू फुटल्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता.

शनिवारी चाचणी झाली. लालमधे अकरा!

"अवघड परिच्छेद दिला असेल मी," सर म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी सोपा दिला. लालमधे एकोणीस! पिवळ्यात शिवम आणि आणखी एक. हिरव्यात एकटी महामाया, तिला गोड आवडत नव्हतं. मागच्या महिन्यात गोष्टीचं अख्खं पुस्तक संपवणारी अक्षरा 'कमळ' वाचताना क वर अडली, म वर धापा टाकायला लागली आणि ळ तिला जन्मात पाहिल्यासारखा वाटेना. कधी नव्हे तो वर गेलेला एकटा शिवम! त्याला 'गूळ' वाचता आला होता. आता त्याला लाडू नव्हता, पण तो खुशीत होता.

सरांची झोप उडाली. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "सर, साहेब येतील तेव्हा तक्ता उलटा टांगू. सगळे हिरव्यात दिसतील."

तिकडं गाव हादरलं होतं. दोन आठवड्यांत आणखी पंधरा लेकरं लाल पट्ट्यात! आज्जींनी गल्लीतल्या बायांना कामाला लावलं. कुणी शेंगदाणे भाजतंय, कुणी गूळ फोडतंय. "साथ हाय म्हणा की!" आज्जी म्हणाल्या. "सर, पान्यातच काहीतरी दोष हाय!" ग्रामपंचायतीनं त्याच दिवशी टाकी धुऊन काढली, ब्लिचिंग पावडर टाकली, आणि दोन दिवस सगळ्या गावाच्या चहाला दवाखान्याचा वास आला. अंगणवाडीच्या सेविकाबाई येऊन सरांना विचारून गेल्या, "मला न विचारता तुम्ही वजनं कधी घेतलीत?" सरांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं.

आणि मग बुधवारी मधल्या सुट्टीत सर कडुनिंबाच्या मागं हात धुवायला गेले. पलीकडून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, स्वल्पविरामाला थांबून पुढं जाणारा!

"...ज्वारीची पेरणी पूर्ण झाली असून, शेतकऱ्यांनी पाण्याचे नियोजन करावे, असे आवाहन..."

सरांनी डोकावलं. लाल पट्ट्यातली सहा पोरं गोल करून बसलेली. मधे अक्षरा. एका हातात लाडू, दुसऱ्या हातात लाडवाचा तुपकट पेपर, आणि पोरगी फडाफडा वाचतेय!

"अक्षरा!"

अक्षरानं वर पाहिलं. पेपर हळूच खाली ठेवला. "क... क... मला वाचता येत न्हाई सर."

बाकीची पोरं पसार झाली. सर तिच्यासमोर मांडी घालून बसले. "असं का केलंस ग?"

"हिरव्यात काय मिळतं सर?" अक्षरानं विचारलं.

"टाळ्या मिळतात की! सगळे टाळ्या वाजवतात!"

अक्षरानं थोडा विचार केला. "टाळ्यात डिंक नसतो सर."



साहेब यायला आठवडा राहिला होता. सरांनी आज्जींचं घर गाठलं. "आज्जी, लाडू आता सगळ्या बावीस जणांना. पण वाटणार मी. प्रत्येक लाडवाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी मोठ्यानं वाचली तरच पुडी सोडायची."

"चिठ्ठी कशाला?"

"दवाखान्यातल्या पुडीवर लिहिलेलं असतं ना? तसंच. वाचून घेतलं की अंगी लागतं."

आज्जींना पटलं. दवाखान्याचं नाव घेतलं की त्यांना सगळं पटायचं.

आणि काय चमत्कार! पहिल्याच दिवशी पंधरा पोरांच्या जिभा सुटल्या. 'क' वर धापा टाकणारी पोरं परिच्छेदच्या परिच्छेद घडाघडा म्हणू लागली. चिठ्ठीत एकच ओळ असली तर "सर, अजून लिहा की!" म्हणून भांडायला लागली. खरोखर लाल असलेली चार पोरं राहिली. त्यांना सरांनी छोट्या चिठ्ठ्या दिल्या आणि लाडवासाठी तीसुद्धा अक्षराला अक्षर जोडू लागली. गोड न आवडणाऱ्या महामायाला त्यांच्या शिकवणीला बसवलं. तिच्यासाठी आज्जी शेवेची पुडी आणायच्या. फोटो सरसर वर चढले. सर रोज संध्याकाळी तक्त्यापुढं उभे राहायचे, एक पाऊल मागं जाऊन बघायचे, डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे. आपण काढलेल्या विहिरीला पाणी लागल्यावर शेतकरी बघतो तसे.

शिवमचं मात्र मधल्या सुट्टीत निराळं चालू होतं. त्याला गोष्टी नको होत्या. त्याला पेपरच हवा होता. एके दिवशी तो बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसला आणि एकदम ओरडला, "सर! हितं भाव वाढला असं न्हाई! क-मी झा-ला असं लिहिलंय!"

सरांनी पाहिलं. खरंच, सोयाबीनचा भाव कमी झाला होता. पोरानं जन्मात पहिली बातमी वाचली होती! सरांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, एकतीस किलो चारशे आठवले, आणि नुसतीच पाठ थोपटली.

"पन आता आज्जीला काय सांगू?" शिवमचं तोंड उतरलं.

"लिहिलंय तेच."

"लई दिवसांपासून वाढत होता की सर."

साहेबांच्या भेटीचा दिवस उजाडला. सतरा फोटो हिरव्यात, ती चार पोरं पिवळ्यात, शिवम पिवळ्याच्या अगदी वरच्या कडेला, लाल पट्टा रिकामा! सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भाषण दोनदा म्हणून बघितलं आणि साहेबांची जीप येईल म्हणून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. साहेब आले मोटारसायकलवर, शेताच्या वाटेनं, मागच्या बाजूनं. आणि तेव्हा वाजले होते अकरा.

सर धावत परत आले तेव्हा साहेब तक्त्यापुढं उभे होते, तोंडात लाडू होता, आणि आज्जी काठीनं तक्ता समजावून सांगत होत्या!

"हे लाल म्हंजे बघा साहेब, अशक्त. एकोणीस लेकरं होती हितं, एकोणीस! ह्यो आमचा शिवम. आतून कमी होता. आता बघा कुठवर आलाय! समदी डिंकाची करामत."

साहेब सरांकडं वळले. चेहऱ्यावर कौतुक नुसतं ओसंडत होतं. "गजभारे सर, कमाल केलीत! सगळ्या शाळा नुसतं वाचन, वाचन करतात. तुम्ही आधी पोराच्या पोटाकडं बघितलंत! म्हणजे हा वजनाचाच तक्ता ना?"

सरांनी तोंड उघडलं. दोनदा म्हणून बघितलेलं भाषण ओठावर आलं होतं. स्टेज दिसलं, माइक दिसला, पहिल्या रांगेतली खुर्ची दिसली. मग खांबाआडून शिवम दिसला. पोरानं श्वास रोखला होता. आणि त्याच्याशेजारी आज्जी, नातवाच्या फोटोवर काठी टेकवून, जिल्हा जिंकल्यासारख्या उभ्या!

"हो साहेब," सर म्हणाले. "वजनाचाच."

पंचाक्षरी गुरुजींच्या घशात सुपारी अडकली. त्यांना पाणी द्यावं लागलं.

साहेबांनी आणखी एक लाडू घेतला, शेरेबुक मागवलं, लिहिलं, सही केली. वाचनाच्या तक्त्यासाठी नांदेडला दुसरी शाळा बघावी लागेल असं हळहळत म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

सर खुर्चीत बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! पण त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

"शिवम्या," आज्जींनी फर्मावलं, "साहेबानं काय लिवलंय ते वाचून दाखव सगळ्यांना! पेपर वाचतोस तसं!"

साहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. सर उठायला लागले, "मी वाचतो आज्जी," पण शिवमनं शेरेबुक घेतलं होतं. त्यात फोटो नव्हता. त्यानं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"शा... ळे... स. शाळेस. भे... ट. भेट दि... ली. वि... विद्... विद्या..." कपाळावर घाम आला. सरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. जोडाक्षर त्याला अजून एकदाही आलं नव्हतं. "विद्यार्... विद्यार्थ्यां... च्या! विद्यार्थ्यांच्या! आ... रो... ग्या... क... डे ल... लक्... ष दि... ले जा... ते. ला... डू उ... उत्... उत्तम!"

पोरगं धापा टाकत होतं, जणू टेकडी चढून आलंय. सरांचा ऊर असा भरून आला, की नांदेडची दहा स्टेजं त्यांनी त्या क्षणी ओवाळून टाकली असती. त्यांनी स्वतः जाऊन शिवमचा फोटो काढला, हिरव्या पट्ट्यात सगळ्यात वर लावला आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या.

आज्जी तेवढ्या वाजवत नव्हत्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी सरांना बाजूला बोलावलं.

"राग मानू नका सर, पन एक बोलते. घरी कसा धडाधडा वाचायचा! अख्खा पेपर, एका दमात! अन् हितं चार वळीला केवढा अडकायलाय बघा. तुमच्या शाळेत येऊन लेकराचं वाचन पार बसलं की!"

सरांनी तक्त्याकडं पाहिलं.

"वजनाचं झालं आता," आज्जी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तसाच एक वाचनाचा बी तक्ता करा की सर."

गुरुजी घाईघाईनं भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"हाव आज्जी," सर म्हणाले. "करतो."